भट्टीचा पारखी आणि लाजरा तारा

काचेच्या कारखान्यातली माणसं त्याला पारखी म्हणत. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, लेक ‘बाबा’ म्हणायची, जावई ‘मामा’ म्हणायचा. या तिन्ही हाकांना तो सावकाश वळायचा, पण ‘पारखी’ अशी हाक आली की मान झटक्यात वळायची. नाव काय, आईबाप कुणालाही देतात. ही पदवी त्याला आगीने दिली होती.

कारखान्यात घराएवढी एक भट्टी होती. तिच्या पोटात वाळू आणि सोडा वितळायचा, त्याचा रस व्हायचा आणि त्या रसाच्या बाटल्या व्हायच्या. ही भट्टी कधी विझत नसे. तिच्या कुशीला मुठीएवढा झरोका होता आणि त्यावर लोखंडी झडप. पारखी झडप सरकवायचा, डावा डोळा घट्ट मिटायचा, उजव्या डोळ्यापुढे काजळी धरलेल्या काचेचा तुकडा धरायचा आणि आत बघायचा. आतला रंग बघून आगीची जात सांगायचा. लाल असली तर थंड, नारिंगी असली तर जागी होतेय, पिवळी असली तर कामाला लागली, आणि पिवळ्याला पांढऱ्याची ओढ लागली की काच पिकली. त्याच्या पुढे मात्र जायचं नाही. त्याच्या पुढे गेलं की भट्टीच्या डोक्यावरच्या कमानीच्या विटांना घाम फुटतो, घामाचे थेंब रसात पडायला लागतात, आणि थेंबामागोमाग एके दिवशी कमानच खाली येते. कमान आली की कारखाना बंद आणि सगळ्यांच्या चुली बंद. उलट आग कमी पडली तर काचेत बुडबुडे राहतात आणि बाटली हातात येते ती अंगभर देवीचे व्रण असल्यासारखी. या दोन्हींच्या मधली जी केसाएवढी वाट, तिच्यावरून पारखी आयुष्यभर भट्टीला हाताला धरून चालवत आला होता.

भट्टीवाल्यांची एक जुनी रीत होती. झरोक्यात बघितल्यावर डोळ्यात आग मागे राहते. समोर हिरवे-जांभळे ठिपके नाचतात. त्या डोळ्याने लगेच पुन्हा बघितलं तर रंग चुकतो. म्हणून रात्रपाळीची माणसं अंगणात अंधारात यायची, तोच भट्टीचा डोळा उघडा ठेवायची, दुसरा मिटायची आणि उत्तरेकडे बघायची. तिथे कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांत एक ठळक पिवळसर तारा होता आणि त्याच्या आडोशाला एक अंधुक. ठळक तर कुणालाही दिसतो. पण तो अंधुक, ज्याला सगळे लाजरा म्हणत, तो डोळा पुरता निवल्याशिवाय समोर यायचा नाही. तो दिसला की डोळा निर्मळ झाला असं समजायचं आणि मगच पुन्हा झरोक्याला डोळा लावायचा. कारखान्यात ‘बघितलंस का?’ असं कुणी विचारत नसे. ‘लाजरा भेटला का?’ असं विचारायचे.

आता पारख्याचा स्वभाव. तो संशयी होता असं म्हटलं तर समुद्राला ओला म्हटल्यासारखं होईल. घड्याळात वाजले किती हे बघितलं की तो दुसरं घड्याळ शोधायचा. कुणी स्तुती केली तर त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते वाकून बघायचा. लग्नात बायकोला त्याने पहिला प्रश्न विचारला होता, “खरं सांग, तुला कुणी दम देऊन तर उभं केलं नाही ना?” लेक जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या परिचारिकेला त्याने इतक्यांदा विचारलं, ‘ही आमचीच ना?’, की तिने शेवटी वैतागून सांगितलं, “कपाळावर आठ्या घेऊन आलीय, तुमचीच!”

तरी लेकीचं लग्न ठरताना त्याने हूं की चूं केलं नाही. मुलगा त्याच्याच कारखान्यात होता. भट्टीला टोचलेल्या मीटरांची देखभाल करायचा. मीटर भट्टीचा ताप आकड्यात सांगे, पारखी रंगात सांगे, आणि वर्षानुवर्षं दोघांचं एकमेकांशी जुळत आलं होतं. जमलेल्या सोयरिकीत पारख्याला हे सगळ्यांत आवडलं होतं की मुलगा कमी बोलतो. पुढे मात्र त्याला तेच खटकायला लागलं. कमी बोलणारा माणूस काय काय गिळतो, कुणाला ठाऊक?

खटकायला लागलं त्याचं कारण असं की मीटर आणि पारखी यांचं बिनसलं. पारखी झरोक्यातून बघायचा आणि म्हणायचा, “अजून पिवळीच आहे. आग वाढवा.” मीटर म्हणायचं, पुरे झाली. सुरुवातीला फरक एवढासा होता. मग वाढत गेला. मीटर चुकत असणार यात पारख्याला शंकाच नव्हती, कारण तो स्वतः चुकत नव्हता. आणि मीटर आपणहून कसं चुकेल? त्याला चुकवणारा हात हवा. तो हात कुणाचा हेही उघड होतं. म्हाताऱ्याचा रंग खोटा ठरला की भट्टी कुणाच्या ताब्यात जाणार? मीटरवाल्याच्याच!

त्यात आणखी एक. हल्ली लाजरा दिसत नव्हता. अंगणात उंच खांबांवर नवे दिवे लागले होते आणि ते लावायची मागणी मीटरवाल्यानेच केली होती, कुणी ठेचकाळू नये म्हणून. पारख्याला त्यात दुसराच डाव दिसला. आधी तारा बुडवायचा, मग पारखी. दिसत नाही म्हटल्यावर त्याने लाजऱ्याला भेटायचंच सोडून दिलं आणि नुसते डोळे मिटून अंदाजाने थांबायला लागला.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात सलत होती. तो आगीचा वाल्व सांभाळणाऱ्या बर्नरवाल्याला सांगायचा, “दोन आटे वाढव.” बर्नरवाला मान डोलवायचा, वाल्व फिरवल्याचा आवाज यायचा, पण भट्टी तापावी तशी तापायची नाही. आपल्या पाठीमागे काहीतरी शिजतंय, हे त्याला वासावरून कळत होतं. फक्त भांडं सापडत नव्हतं.

त्या दिवशी त्याने भांडं फोडायचं ठरवलं. सरळ मालकापुढे उभा राहिला.

“मीटर खोटं बोलतंय,” तो म्हणाला. “आणि आपणहून बोलत नाहीये.”

“म्हणजे? जावई?” मालक चमकला.

“जावई घरात. इथे तो मीटरवाला.”

मालक म्हणाला, “उद्या सकाळी येऊन काय तो निकाल लावतो.”

पारख्याला सकाळपर्यंत धीर कुठला? पाळी संपता संपता तो स्वतः वाल्वपाशी गेला, चावी लावली आणि हवे तेवढे आटे वाढवून दिले. मग ज्या चावीवाचून तो वाल्व मागेपुढे होत नाही, ती लोखंडी चावी त्याने पिशवीत टाकली आणि तो घरी निघून आला. आता कुणाला काय शिजवायचं ते शिजवा म्हणावं.

थंडीचे दिवस होते, अंधार लवकर पडला. पारखी हातपाय धुतो न धुतो तोच लेक धापा टाकत दारात आली. तिचं घर कारखान्याच्या भिंतीलाच लागून होतं.

“बाबा, वाल्वची चावी द्या. ह्यांनी पाठवलंय.”

“अस्सं! आला का ताव?”

“मीटर भलतंच वर गेलंय. सगळी आग बंद केली तर भट्टीला तडे जातील, आणि चालू ठेवली तर कमान जाईल. ते तिथेच अडकलेत, हलता येत नाही. बाबा, द्या ना!”

“मीटर वर गेलं की वर नेलं?”

“तुमच्या डोक्यात काय चाललंय ते सगळ्या कारखान्याला माहीत झालंय,” लेक म्हणाली. “उद्या मालक ह्यांना काढून टाकणार. मग आम्ही कुठे जायचं तेही सांगून ठेवा.”

आतून बायको म्हणाली, “अहो, पोरगी रडकुंडीला आलीय. द्या की ती मेली चावी.”

“तू गप्प बस. तू पण त्यांच्यातलीच.”

“हो तर! मी रात्री उठून मीटरं फिरवते.”

लेकीने डोळे पुसले. ती बापाचीच लेक होती. विनवणीने दगड हलत नाही, दगडाला पहार लावावी लागते, हे तिला ठाऊक होतं.

“बाबा, आग वाढवायच्या आधी लाजरा भेटला होता का?”

पारखी पिशवीची गाठ आवळायला लागला.

“रीत कुणी शिकवली मला? लहान होते तेव्हा खांद्यावर घेऊन कोण सांगायचं, लाजरा भेटल्याशिवाय जो झरोक्यात बघेल तो भट्टीवाला नव्हे?”

“तुझ्या नवऱ्याच्या दिव्यांनी गिळला तो.”

“मग चला वर गच्चीवर. तिथे दिवे नाहीत. तुम्हाला लाजरा दिसला तर चावी ठेवा तुमच्याजवळ, मी मुकाट्याने जाते.”

पारख्याला यातही काहीतरी काळंबेरं वाटलं. पण मानी माणसाला पैज लावली की तो विहिरीतही उतरतो. चावीची पिशवी काखोटीला मारून तो जिना चढला.

वरच्या खोलीत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई भाड्याने राहायच्या. गच्चीवर त्यांची दुर्बीण असे. ती आणली तेव्हा पारख्याने बजावलं होतं, “लोकांच्या खिडक्यांत बघायचं नाही.” आणि चार दिवस लपून पाळतही ठेवली होती. बाई आजही दुर्बिणीपाशीच होत्या.

पारख्याने डावा डोळा मिटला आणि उत्तरेकडे बघितलं. ठळक तारा होता तिथे होता. त्याच्या आडोशाला मात्र नुसता काळोख. तो थांबला. आणखी थांबला. गार वारा कानात शिरत होता. लाजरा आला नाही.

“ढग आहे तिथे,” तो म्हणाला.

“ढग कुठला?” बाई म्हणाल्या. “आभाळ धुतल्यासारखं आहे. तो शेजारचा बारीक तारा शोधताय ना? काका, यातून बघा. मघाशीच लावलाय.”

पारखी दुर्बिणीवर वाकला. डावा डोळा मिटलेला, उजवा भिंगाला. झरोक्यापुढे वाकायचा अगदी तसाच. आत एक थेंब लुकलुकत होता. पिवळट, फिका, जुनाट.

“हा बघा!” तो विजयाने म्हणाला. “मला वाटलंच होतं. हा थंड पडत चाललाय. पिवळा झालाय, म्हणून दिसत नाही.”

“कोण, तो?” बाईंना हसू आलं. “अहो काका, तो सूर्यापेक्षा तापलेला आहे. सूर्याचा वरचा ताप साडेपाच हजार अंशांच्या आसपास, याचा नऊ हजारांच्या वर. रंगाने पांढरा, वर निळसर झाक.”

“एवढासा तारा?”

“एवढासा कसला! रुंदीला सूर्याच्या दुप्पट. वजनाला दुपटीहून जरा जास्तच. आणि उजेड सूर्याच्या पंचवीस पट तरी.”

“मग असा चोरासारखा का दिसतो?”

“लांब आहे म्हणून. आपल्या डोळ्यात आता जो उजेड पडतोय, तो तिथून निघाल्याला दोनशेएक वर्षं झाली. इतक्या लांबून आला, तरी नुसत्या डोळ्यांना दिसतो. हेच खूप आहे.”

पारख्याने बाईंकडे तिरकं बघितलं. “आणि नऊ हजार अंश म्हणता, तर तिथे मीटर लावायला कोण गेलं होतं?”

“बाबा!” लेक म्हणाली. “तिकडे भट्टी—”

“थांब. मला कळू दे.”

“कोणी गेलं नाही,” बाई म्हणाल्या. “त्याचा उजेड काचेतून उलगडतात. रंगांचा पट्टा पडतो, त्यात काळ्या रेघा असतात. कुठली रेघ ठसठशीत, कुठली पुसट, यावरून ताप कळतो. तुम्ही तरी भट्टीत कुठे उतरता? बाहेरून रंग बघूनच सांगता ना?”

हे पारख्याला लागलं. कारण पटलं. पण पटलेली गोष्ट तो कधी लगेच मानत नसे.

“तारेसुद्धा म्हातारे होतात.”

“होतात ना. पण याचं वय तीसेक कोटी वर्षं, आणि अजून भर उमेदीत आहे. तुमच्या माझ्या आयुष्यात याचा रंग तसूभर बदलायचा नाही.”

“कमीजास्त होणारे तारे असतात म्हणे.”

“असतात. हा त्यातला नाही. कित्येक वर्षं मोजून ठेवलाय लोकांनी. याचा उजेड एका रेषेत चालतो.”

“स्वतःभोवती फिरतो का?”

“फिरतो. गरगर फिरतो. सूर्याला एका फेरीला जवळजवळ महिना लागतो, हा दिवसाच्या आत उरकतो.”

“मग झालं तर! त्याची एक बाजू मळकी असणार, ती आज आपल्याकडे आलीय.”

बाईंनी कौतुकाने मान डोलावली. “शंका चांगली काढलीत,” त्या म्हणाल्या. “पण एक बाजू मळकी असती तर त्याचा उजेड रोजच्या रोज खालीवर झाला असता. होत नाही. सगळीकडून सारखाच आहे.”

“मग तुमच्या भिंगात खोट आहे.”

“काढून बघा. काचेतलं तुम्हाला मी काय सांगणार?”

पारख्याने डोळ्याकडचं भिंग फिरवून काढलं, लेकीला विजेरी धरायला लावली आणि तुकडा बोटांत फिरवला. कडेला नख मारलं. फुंकर घातली. बुडबुडा नाही, रेघ नाही, लोखंडाचा हिरवटपणा नाही. पिवळेपणा असलाच तर किंचित वाटला, पण काच जिनसाने अस्सल होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी वस्तू अस्सल निघाल्याचं वाईट वाटलं. त्याने भिंग जागेवर बसवलं.

“आता तरी द्या चावी,” लेक म्हणाली.

“एकदा अजून बघू दे.”

वाऱ्याने त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं होतं. त्याने उपरण्याचं टोक त्या डोळ्यावर दाबलं, आणि लेकीची घाई, बाईंचं बघणं, काखोटीतल्या चावीचं ओझं, या सगळ्यांत डोळा कोरडा व्हायची वाट न बघता डावा डोळाच भिंगाला लावला.

आत पांढरीशुभ्र ठिणगी होती. हिऱ्याच्या कणीवर निळ्या आभाळाचा शिडकावा व्हावा तशी. त्याच्या तरुणपणी नुसत्या डोळ्यांना जो लाजरा भेटायचा, त्याला इतका रंग कधीच नव्हता. तो एक राखाडी टिंब असायचा. आत जे होतं ते त्या टिंबाचं खरं रूप होतं.

“दुर्बिणीला हात कुणी लावला?” तो गरजला.

“कुणी नाही, काका.”

“लांब व्हा दोघी. आणखी लांब.”

दोघी कठड्यापाशी गेल्या. पारख्याने उजवा डोळा लावला. पिवळट थेंब, जुन्या कागदासारखा. डावा लावला. पांढरी ठिणगी. उजवा. डावा. तारा एकच होता. दोनशे वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाला ना जावई माहीत, ना मीटर, ना मालक. त्याला फितवायला कुणी जाऊ शकत नव्हतं. पारखी एकेका माणसाला संशयातून सोडत गेला. बाई सुटल्या, काच सुटली, तारा सुटला. शेवटी उरला तो त्याच्याच कपाळाखाली.

झरोक्यातली आग वर्षानुवर्षं एकाच डोळ्याने पिल्यावर त्या डोळ्याच्या आतली काच पिवळी पडणार नाही तर काय होणार? आणि रीत अशी, की जो डोळा भट्टीला, तोच ताऱ्याला. दुसऱ्या डोळ्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

त्याने काखोटीतली पिशवी सावरली आणि तो तडक जिना उतरला. लेक मागोमाग धावली.

भट्टीपाशी जावई घामाने निथळत उभा होता. बर्नरवाला वाल्वच्या दांड्याला पक्कडीने झोंबत होता आणि दांडा त्याला दाद देत नव्हता. पारख्याने कुणाकडे बघितलं नाही. झडप सरकवली, उजवा डोळा मिटला आणि काजळी काच डाव्या डोळ्यापुढे धरली. पिवळं कुठेच नव्हतं. सगळं पांढरं, डोळ्यात सुईसारखं घुसणारं. वरची कमान ओली चकाकत होती. तिच्या एका विटेला थेंब लोंबत होता आणि तो बघत असतानाच तुटला.

“एकदम उतरवू नका,” जावई दबक्या आवाजात म्हणाला.

“मला शिकवतोस?” पारखी म्हणाला, पण आवाजात धार नव्हती. त्याने चावी लावली आणि अर्धा आटा मागे फिरवला. मग थांबला. मग घसा साफ करून विचारलं, “मीटर काय म्हणतंय?”

बर्नरवाल्याने पक्कड खाली ठेवली. हा प्रश्न त्याने या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“खाली येतंय, मामा. सावकाश.”

असे ते अर्ध्या अर्ध्या आट्याने उतरत राहिले. पारखी झरोक्यातून रंग सांगायचा, जावई आकडा सांगायचा, आणि दोन्ही पुन्हा एकमेकांशी जुळत होते. कमानीचा घाम सुकला तेव्हा तिघंही भिंतीला टेकून खाली बसले.

पारख्याने बर्नरवाल्याकडे मान वळवली. “एक सांग. एवढे दिवस मी दोन आटे वाढव म्हणायचो, आणि आज वाढवल्यावर ही अशी पेटली. मग आधी का नाही पेटली?”

बर्नरवाल्याने जावयाकडे बघितलं. जावयाने जमिनीकडे.

“तुम्ही दोन म्हणालात की आम्ही अर्धा वाढवायचो, मामा,” जावई म्हणाला. “आवाज दोनाचा करायचो.”

“आम्ही म्हणजे?”

“मी, हा, आणि... घरी तिलाही माहीत होतं. तुमच्या डोळ्याचं तिच्याच पहिल्यांदा लक्षात आलं. सवयीने डावा डोळा मिटून निरखलात आणि पिवळा सदरा पांढरा समजून घातला होतात.”

पारख्याचं डोकं तापलं. म्हणजे वास खरा होता! भांडंही होतं आणि त्यात शिजतही होतं. फक्त ते त्याच्यासाठी, त्याचा मान राखायला शिजत होतं, आणि हेच त्याला जास्त झोंबलं. वैऱ्याने फसवलं तर माणूस लढतो, आपल्यांनी सांभाळलं तर कुणाशी लढायचं?

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर मानलं असतं?” जावयाने विचारलं. पारखी उठून भट्टीच्या पलीकडे जाऊन बसला.

सकाळी मालक आला. रात्री काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने माणसं गोळा केली आणि म्हणाला, “मी विचार केलाय. मीटर काय, आज आहे उद्या नवं येईल. ही भट्टी पारख्याच्या डोळ्यावर उभी आहे. मीटरवाल्या, तू तुझं सामान आवर.”

जावई हत्यारं गोळा करायला लागला. बर्नरवाला पारख्याकडे बघायला लागला. पारख्याने फक्त गप्प राहायचं होतं. त्याची पदवी, त्याचा झरोका, सगळं तिथल्या तिथे होतं.

“मीटर खरं आहे,” तो म्हणाला. “माझा उजवा डोळा गेलाय.”

मालकाने त्याच्याकडे बारीक नजरेने बघितलं. पारख्याने ती नजर लगेच ओळखली. आयुष्यभर ती त्याने दुसऱ्यांवर लावली होती.

“काल जावई चोर होता, आज मीटर खरं झालं,” मालक म्हणाला. “रात्री लेकीने पाय धरलेले दिसतात. जावयाला वाचवायला खोटं बोलतोस?”

“खरं बोलतोय.”

“पुरावा?”

पारख्याने कधी कुणाला पुराव्यावाचून सोडलं नव्हतं, म्हणून त्याला राग आला नाही. “बाटल्या आणा,” तो म्हणाला. “काही पांढऱ्या, काही फिक्या पिवळ्या झाकेच्या. मिसळून ठेवा. मी निवडतो.”

सगळा कारखाना गोळा झाला. मालकाने स्वतः बाटल्या मांडल्या. पारख्याने डावा डोळा तळव्याने झाकला आणि एकेक बाटली उजेडाकडे धरून निवडायला लागला. ज्या हातांनी नुसत्या स्पर्शाने काचेची जाडी सांगितली होती, ते हात चुकत होते. पिवळी पांढऱ्यांत जात होती, पांढरी पिवळ्यांत. आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग हसणं थांबलं. मग माणसं दुसरीकडे बघायला लागली. तरी तो मध्येच थांबला नाही, शेवटच्या बाटलीपर्यंत गेला.

“झालं,” तो म्हणाला. आणि हात न काढताच म्हणाला, “मालक, सगळ्या एकाच रंगाच्या तर मांडल्या नाहीत ना?”

“डावा उघडून बघ.”

त्याने हात काढला. दोन्ही ढिगांत पांढऱ्या-पिवळ्यांची खिचडी होती. त्याने पांढऱ्यांच्या ढिगातली एक पिवळी बाटली उचलून बाजूला ठेवली.

“मीटरवाला राहील,” मालक म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “तू डोळा दाखव कुणाला तरी. तोवर झरोक्याला हात लावू नकोस.”

पारखी फाटकाबाहेर आला तेव्हा लेक भिंतीशी उभी होती. दोघं घराकडे चालायला लागली.

“पिवळ्या सदऱ्याचं तुला कधीपासून माहीत होतं?”

“बरेच दिवस.”

“सांगायला हवं होतंस.”

“तुम्ही मानलं असतं का बाबा?”

“नसतं मानलं,” तो म्हणाला. “भांडलो असतो, घर डोक्यावर घेतलं असतं. तरी सांगायचं. तुमचं काम सांगायचं, माझं काम न मानायचं. माझ्या पाठीमागे सांभाळायचं नाही मला.”

“बरं,” लेक म्हणाली. “मग सांगते. डोळ्याच्या डॉक्टरकडे आजच जायचं.”

“आज कशाला? कोण डॉक्टर? तुझ्या नवऱ्याच्या ओळखीचा का?”

“हो, ओळखीचाच.”

“मग दुसरा शोध,” पारखी म्हणाला आणि तिच्या बरोबरीने चालत राहिला.